सूर्यावरचं चुंबक शोधणारा माणूस : जॉर्ज एलरी हेल



पाचवीला लोहचुंबक शिकवताना मी सहज बोलून गेले की सूर्यावरही चुंबकत्व आहे. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, बाई, तिथं होकायंत्र कोणी नेलं? खरं सांगते, त्या तासाला मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं आणि या माणसाची ओळख झाली. तुमच्याही वर्गात हा प्रश्न येऊ शकतो, म्हणून लिहिते.

जॉर्ज हेल यांचा जन्म १८६८ चा, अमेरिकेतल्या शिकागोचा. १८७१ च्या मोठ्या आगीनंतर ते शहर नव्याने, उंच उंच उभं राहिलं. वडिलांचा धंदा लिफ्टचा, त्यामुळे घरात पैसा आला. पोराला दुर्बिणीचं वेड. वडिलांनी आधी एक जुनी दुर्बीण घेऊन दिली आणि पुढे घराशेजारी चक्क वेधशाळा बांधून दिली! (सगळ्यांनाच असे वडील मिळत नाहीत, हेही खरं.) शिकत असतानाच हेल यांनी स्पेक्ट्रोहेलिओग्राफची कल्पना काढली. सूर्याच्या प्रकाशातला एकच रंग निवडून त्याचा फोटो काढणारं हे यंत्र.

१९०४ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात माउंट विल्सन वेधशाळा सुरू केली. तिथे ६० फुटी मनोरा उभारला. वर आरसे, आणि खाली जमिनीत खोल विहिरीसारख्या खड्ड्यात वर्णपट पाडणारं यंत्र. जमिनीखाली तापमान फारसं बदलत नाही, म्हणून ही खटपट.

आता मुद्द्याचं. सूर्यप्रकाशाचा वर्णपट नीट पसरला की रंगांमध्ये बारीक काळ्या रेषा दिसतात. लोखंड, क्रोमियम अशा मूलद्रव्यांच्या त्या खुणा. १८९६ मध्ये हॉलंडच्या पीटर झीमन यांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं की प्रकाश देणारी वाफ जोरदार चुंबकात ठेवली तर तिच्या रेषा रुंदावतात, फुटतात. चुंबक जितकं जोरदार, तितकं फुटलेल्या भागांतलं अंतर जास्त.

१९०८ मध्ये हेल यांना आपल्या फोटोंत सौरडागांभोवती भोवऱ्यासारखे आकार दिसले. आपण खिळ्याला तार गुंडाळून वीज सोडतो तेव्हा खिळ्याचं चुंबक होतं ना? तसाच विद्युतभार इथे गोल फिरत असेल, तर डागात चुंबक असायलाच हवं, असा त्यांनी विचार केला. डागाच्या वर्णपटात काही रेषा जोडीने दिसतात हे आधीही काहींनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कोणी चुंबकाशी जोडला नव्हता.

नुसत्या दोन रेषा म्हणजे पुरावा नव्हे. चुंबकामुळे फुटलेल्या दोन रेषांच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण एकमेकांच्या उलट असतं. हेल यांनी वाटेत खास स्फटिक ठेवले. एका बाजूला फिरवला की एक रेष गायब, दुसऱ्या बाजूला फिरवला की दुसरी. मग पॅसाडेनाच्या प्रयोगशाळेत चुंबकात ठिणग्या पाडून तिथल्या रेषांमधलं अंतर मोजलं आणि सूर्यावरच्या अंतराशी ताडून पाहिलं. उत्तर निघालं साधारण २,९०० गॉस! पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं. म्हणजे होकायंत्र नेलंच नाही. दोन रेषांमधलं अंतर मोजलं.

गंमत अशी की भोवऱ्यांमुळे चुंबक तयार होतं हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. उलट ते आकार चुंबकीय क्षेत्रामुळेच दिसतात असं आता मानतात. आपण मुलांना चुकीच्या रीतीने आलेल्या बरोबर उत्तराला गुण देत नाही, पण इथे उत्तर वेगळ्या कसोटीवर तपासलेलं होतं. याच माणसाने नंतर संपूर्ण सूर्याचं क्षेत्र ध्रुवांपाशी ५० गॉसच्या आसपास असल्याचं सांगितलं, आणि ते मात्र चुकलं. १९५० च्या दशकात चांगली यंत्रं आल्यावर ते जेमतेम एक गॉस निघालं. रेष इतकी थोडी सरकते की नजरेने मोजताना फसायला होतं.

डाग बहुधा जोडीने येतात, एक उत्तर ध्रुव आणि एक दक्षिण. पुढे कोणता असतो हे साधारण ११ वर्षांनी उलटतं, हे हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये मांडलं. म्हणजे पूर्ण फेरा २२ वर्षांचा.

हे सगळं चालू असताना माणूस आतून खचत होता. १९१० च्या सुमारास मानसिक ताण असह्य झाला. डोकेदुखी, झोप नाही. शेवटी १९२३ मध्ये संचालकपद सोडलं. तरी पॅसाडेनात स्वतःची छोटी सौर प्रयोगशाळा उभारून काम सुरूच ठेवलं. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीसाठी पैसा उभा केला, पण १९३८ मध्ये ते गेले. दुर्बीण तयार झाली १९४८ मध्ये. तिला त्यांचंच नाव आहे.

वर्गात दाखवायचं असेल तर जुनी सीडी उन्हात धरून भिंतीवर रंग पाडा. काळ्या रेषा अशा दिसणार नाहीत, त्यासाठी बारीक फट लागते. त्या मी फळ्यावरच काढल्या आणि मुलांना पट्टीने अंतर मोजायला लावलं. फक्त थेट सूर्याकडे किंवा सीडीत चमकणाऱ्या सूर्याकडे कोणालाही बघू देऊ नका.