रमाबाई रानडे : बाळंतिणीच्या खोलीपर्यंतची वाट

आज पेडणे-डिचोलीच्या वाड्यावर उपकेंद्रातली नर्स बाळंतिणीच्या घरी आली, तर कुणाला नवल वाटत नाही. ती बाळाची नाळ बघते, आईला ताप आहे का विचारते, आणि घरातली सासू तिच्यासाठी चहा टाकते. पण चांगल्या घरातल्या बाईने नर्स होणं ही एकेकाळी लाजेची गोष्ट होती. ती लाज मोडणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचं नाव घ्यावंच लागतं.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावात, कुर्लेकरांच्या घरी झाला. मुलगी शिकली तर विधवा होते, असं लोक तेव्हा खरंच मानायचे. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांनी टोमणे मारले, इंग्रजी वाचते म्हणून छळलं. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि पुस्तकही सोडलं नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. मूलबाळ नव्हतं. विधवेने कोपऱ्यात बसावं, हीच त्या काळची रीत. काही काळ त्या लोकांपासून दूरच राहिल्या. मग मात्र बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन बायकांना भेटू लागल्या. १९०९ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं. गोपाळ कृष्ण देवधर सोबत होते.

सेवासदनात शिवण होतं, शिक्षिकांचे वर्ग होते. पण सगळ्यांत अवघड काम नर्सिंगचं. परक्या माणसाला हात लावायचा, रक्त-मळ धुवायचा, जात बघायची नाही. त्यात सोयरातल्या बाळंतिणीला शिवणं म्हणजे विटाळ! आपल्याकडे वोयजीण, घाटावर सुईण हे काम करायची; तिच्यावाचून अडायचं, तरी मान तिला कमीच. अशा वेळी रमाबाईंनी तरुण विधवांना ससून हॉस्पिटलात शिकायला पाठवलं. लोक हसले. त्या मुली हरल्या असत्या, तर पुढच्या कितीतरी जणींची वाट बंद झाली असती. त्या टिकल्या, कारण पाठीशी उभी असलेली बाई स्वतः विधवा होती.

रमाबाई १९२४ साली वारल्या. १९६२ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

बाळंतिणीच्या खोलीत काय चालतं हे तिथे जाणाऱ्या नर्सला जितकं कळतं, तितकं कचेरीत बसून कळत नाही. खोलीला खिडकी आहे का, आई पोटभर जेवते का, बाळाला पहिलं दूध पाजलं की टाकून दिलं, हे तीच बघते. म्हणून घरभेटी सुधारायच्या असतील तर आधी तिला विचारायला हवं. रमाबाईंनी तिला त्या उंबरठ्यापर्यंत आणलं. आता तिचं ऐकणं आपलं काम.