शब्दाची पत : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

मुलांनो, वर्ग सुटला की आपल्यापैकी बरेच जण आईबाबांबरोबर सेरंगून रोडला भाजी घ्यायला जातात. तिथल्या बफेलो रोडला आणि करबाव रोडला ती नावे का पडली, हे तुम्ही कधी विचारले आहे का? मलाय भाषेत करबाव म्हणजे म्हैस. एके काळी या भागात गुरांचे गोठे होते आणि तिथे राबणाऱ्यांत भारतातून आलेली पुष्कळ माणसे होती. त्या काळी गरीब भारतीयांना कराराने बांधून मलाया, मॉरिशस, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या मुलखांत मजुरीला नेत. त्यांना गिरमिटिया म्हणत. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ झाले. या मजुरांची बाजू घेऊन सरकारशी बोलणी करणाऱ्या एका मराठी माणसाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. गोपाळराव १८८४ साली बी. ए. झाले. मोठ्या पगाराच्या मागे न लागता ते पुण्यात शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. आकडे तपासल्याशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लावली.

ही शिस्त एकदाच सुटली. १८९७ साली ते एका आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले होते. तेव्हा पुण्यात प्लेग होता आणि घरे तपासणारे गोरे सैनिक लोकांवर जुलूम करीत होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांतून स्त्रियांवरील अत्याचाराच्या बातम्या आल्या. गोखल्यांचे मन पेटले आणि त्यांनी त्या बातम्या इंग्लंडमध्ये जाहीर केल्या. सरकारने पुरावा मागितला. तोवर पुण्यात रँडचा वध झाला होता आणि धरपकड सुरू होती. उघडपणे साक्ष द्यायला कोणीच पुढे येईना.

गोखल्यांपुढे दोनच वाटा होत्या. पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगून स्वतः मोकळे व्हायचे, किंवा सगळा दोष आपल्या शिरावर घ्यायचा. त्यांनी नावे सांगितली नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो, याबद्दल त्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा म्हटले. आपल्याच माणसांचे टोमणे त्यांना फार लागले. पण विश्वासाने लिहिणाऱ्यांना त्यांनी उघडे पाडले नाही, आणि सिद्ध न होणारे विधान धरूनही बसले नाहीत.

पुढे ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तिथे अंदाजपत्रकावर त्यांचे भाषण असले की अधिकारीही तयारी करून येत. १९०५ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. १९१० मध्ये नाताळ या वसाहतीत मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव त्यांनी मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १९११ मध्ये ती भरती थांबली.

पण जे मजूर आधीच तिथे होते त्यांचे काय? करार संपल्यावर तिथेच राहायचे असेल तर त्यांना माणशी वर्षाला तीन पौंड कर भरावा लागे. मुलांनो, आता एक गणित करा. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले मिळून कर झाला बारा पौंड. गांधीजींनी लिहून ठेवल्याप्रमाणे अशा मजुराची कमाई महिन्याला सरासरी चौदा शिलिंगांच्या वर जात नसे. वीस शिलिंगांचा एक पौंड. मग वर्षाची कमाई किती? साडेआठ पौंडही नाही!

मधुमेहाने प्रकृती ढासळलेली असतानाही गोखले ऑक्टोबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. गांधीजींकडून त्यांनी सगळा इतिहास आणि आकडे समजून घेतले आणि नोव्हेंबरमध्ये बोथा, स्मट्स व फिशर या मंत्र्यांची भेट घेतली. गांधीजी मुद्दाम त्या भेटीला गेले नाहीत. आपल्यावरचा राग बोलण्यांत आड येऊ नये, असा त्यांचा विचार होता. कर रद्द होणार, अशी खात्री बाळगून गोखले बाहेर आले. गांधीजींना मात्र शंका होती.

ती शंका खरी ठरली. १९१३ मध्ये सरकारने कर काढायला नकार दिला आणि असे वचन दिलेच नव्हते म्हणून सांगितले. मंत्र्यांच्या सहीचा करार गोखल्यांजवळ नव्हता. आम्ही संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारे लोक. गिऱ्हाइकाशी बोलणी झाली की संध्याकाळच्या आत ठरलेले सगळे लिहून पाठवायचे, हे आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. त्या हिशेबाने गोखले चुकले असे म्हणावे लागेल.

पण गोष्ट इथे संपत नाही. गोखल्यांना दिलेला शब्द मोडला हा साऱ्या भारताचा अपमान आहे, असे मानून गांधीजींनी कराचा प्रश्न सत्याग्रहात घेतला. हजारो मजुरांनी काम बंद केले आणि बायकामुलांसह ते पायी निघाले. आजारी गोखल्यांनी भारतात निधी जमवला. चौकशी आयोगावर बहिष्कार घालण्याच्या गांधीजींच्या निर्णयाने ते नाराज झाले. पण गांधीजी प्रतिज्ञेने बांधलेले आहेत हे कळल्यावर त्यांनी मदतीचा हात मागे घेतला नाही. १९१४ मध्ये तो कर रद्द झाला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले, तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते.

त्या खोलीत काय ठरले याचा सही केलेला कागद नसताना लोकांनी गोखल्यांवर का विश्वास ठेवला? आम्हांला वाटते, याचे उत्तर १८९७ सालच्या माफीत आहे. जो माणूस स्वतःची चूक चारचौघांत कबूल करतो, त्याचे उरलेले बोलणे खरे असणार हे लोक ओळखतात. पालकांनो, आपण मुलांना हिशेब लिहून ठेवायला शिकवतोच. पण मुलाने चूक कबूल केली, तर त्या दिवशी त्याला रागावू नये, असे आम्ही आमच्या घरी ठरवले आहे. पाळणे अवघड जाते, पण प्रयत्न चालू आहे.