लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि न खपलेले नांगर

आमच्या फोंडे महालात कुळागर लावणारा मनुष्य मोठा विचारी असतो. सुपारीचे रोप आज लावले तर पहिला घोस हाती यावयास सहा-सात वर्षे जावी लागतात. तोवर चूल पेटती राहिली पाहिजे, म्हणून तो मधल्या जागेत केळी लावतो. केळीचा घड वर्ष-सव्वा वर्षात उतरतो. घर केळीवर चालते आणि सुपारी आपल्या गतीने वाढत राहते. कारखानदारीच्या रुक्ष जगात नेमका हाच विचार आचरणारा एक पुरुष अनमोडचा घाट चढून गेले की लागणाऱ्या बेळगाव जिल्ह्यात जन्मला. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

किर्लोस्कर हे नाव गोमंतकीय रसिकांच्या कानी प्रथम पडते ते संगीत सौभद्रामुळे. त्या नाटकाचे कर्ते अण्णासाहेब ज्या गुर्लहोसूर गावचे, त्याच गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. शाळेच्या पाठांतरात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढावीत, यंत्रे उघडून पाहावीत, हाच त्यांचा छंद. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईस सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. पण दोन वर्षांतच असे आढळून आले की काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला आणि यांत्रिक रेखाटन हाती घेतले. तेथे रंगांचे काम नव्हते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली, तेव्हा त्यांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला.

बेळगावास रामूअण्णांच्या जोडीने त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष म्हणून १८८८ हे साल मानले जाते. सायकली विकून मिळणाऱ्या पैशातून हळूहळू एक लहानसे यंत्रघर उभे राहिले, आणि तेथे कडबा कापण्याचे यंत्र तयार होऊ लागले. कापलेला कडबा गुरे बुडख्यासकट खातात, नासाडी वाचते. हा लाभ शेतकऱ्यास लगेच दिसे, म्हणून ते यंत्र बऱ्यापैकी खपू लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर घडविला. येथे त्यांची खरी कसोटी लागली. लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि रान नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आज आपण या समजुतीला हसतो; परंतु आमच्या मते हसण्यापूर्वी शेतकऱ्याची बाजू पाहावी. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. त्यासाठी रोख पैसा मोजावा लागत नसे. लोखंडी नांगरास रोकड हवी, ओढावयास बैलजोड्याही अधिक हव्यात. त्यातून तो नांगर फसला तर वर्षाचे पीक बुडाले, आणि पीक बुडाले की सावकाराचे दार. अशा माणसाने नव्या वस्तूकडे पाठ फिरवली तर त्यात त्याच्या मूर्खपणापेक्षा त्याच्या दारिद्र्याचाच भाग मोठा होता. खोल रुतलेली हरळी उपटून काढणे लाकडी नांगराला जमत नाही, लोखंडी नांगराला जमते. पण हे पाहावयास आधी कोणी तो नांगर आपल्या रानात घालावयास हवा ना!

पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे मनात आणून पाहावीत. लोखंडात पैसा अडकलेला, कामगारांची मजुरी दर आठवड्यास दारात उभी. नांगर मोडीत घालून हातचे चार पैसे सोडवावेत, हा सल्ला कोणत्याही व्यवहारी माणसाने दिला असता, आणि तो अगदीच चुकीचा ठरला असता असेही नाही. लक्ष्मणरावांना तग धरता आला तो केवळ हट्टामुळे नव्हे. सायकली आणि कडब्याची यंत्रे त्यांनी सोडली नव्हती. ती त्यांची केळीची बाग होती. नुसता हट्ट असता तर कारखाना बुडाला असता. नुसता व्यवहार असता तर नांगर झालाच नसता.

नांगराचा जम बसतो न बसतो तोच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी ती जागा सोडावयास सांगितले. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि कर्जही दिले. निवडुंगाने भरलेला, सापांनी गजबजलेला असा तो माळ! १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. घाईच्या काळी कोणी छपरे उभारून माल काढावयास लागला असता. लक्ष्मणरावांनी पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे यांसह वसाहतच वसविली. कारखान्याबरोबर घरे उठली, झाडे लागली. अस्पृश्यता तेथे पाळावयाची नाही असा दंडक होता. तुरुंगातून सुटलेल्या माणसांस त्यांनी पहाऱ्यावर नेमले, आणि ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीत नव्हते त्यांनी तो विश्वास राखला.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्यांच्या ओतीव लोखंडातून नांगर झाले. १९२० मध्ये मर्यादित कंपनी स्थापन झाली. पुढे उसाचे चरक, पाण्याचे पंप असा पसारा वाढला. त्याच दशकात त्यांनी चिरंजीव शंतनुरावांस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकावयास पाठविले. त्या शिक्षणाचे फळ कित्येक वर्षांनी हाती येणार होते, आणि ते आले. १९४१ मध्ये हरिहर येथे आणि १९४६ मध्ये पुणे व बंगळूर येथे नवे कारखाने उभे राहिले.

१९४८ मध्ये, महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८ होते. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत जळालेला दुसरा कोणी वृद्ध उरलेले सोडून देता तर त्यास आम्ही दोष दिला नसता. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले, आणि १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

गोव्याहून लोंढा, बेळगाव, मिरज या मार्गाने पुण्यास जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर, सांगलीच्या पुढे, ते जुने कुंडल रोड स्टेशन लागते. फलाटावरील पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे.