वाटेचे नाव, नावाची वाट

रस्त्याला नाव देणे हा आपल्याकडे समारंभाचा विषय आहे. रस्ता आधी होतो, पाटी मागाहून लागते. आणि पाटीवरच्या नावाचा त्या रस्त्याच्या रूपाशी काही संबंध असावा, अशी अपेक्षाही कुणी करीत नाही. म्हणूनच नाव आणि नकाशा यांचा एकत्र विचार करणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा असा माणूस होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक रचनाकार म्हणून जग त्याला ओळखते. पण माझ्या मते त्याची खरी थोरवी बागांपेक्षा बागांना जोडणाऱ्या वाटांत आहे. शहरातल्या माणसाला धूळ, गोंगाट आणि गाड्यांचा धक्का चुकवून झाडांच्या सावलीतून मैलोगणती चालता यावे, या कल्पनेला आज आपण हरितमार्ग म्हणतो. या कल्पनेला नीट रूप आणि नाव देणाऱ्यांत ओल्मस्टेडचा क्रम फार वरचा आहे.

तो जन्मला 26 एप्रिल 1822 रोजी, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी. वडील कापडाचे सधन व्यापारी. चार वर्षांचा होण्याआधीच आई गेली. वडिलांना निसर्गाची ओढ होती; मुलांना घेऊन ते रानावनातून, नदीकाठाने भटकत. शाळेत मात्र या मुलाचे फारसे जमले नाही. येल विद्यापीठात जायचे वय झाले, तोच एका विषारी झुडपाच्या संसर्गाने डोळे दुखावले आणि रीतसर शिक्षणाचा रस्ता बंद झाला. पुढची वीस वर्षे म्हणजे धरसोडीचा इतिहासच. 1843मध्ये तो जहाजावर खलाशी म्हणून चीनपर्यंत जाऊन आला. परतल्यावर वडिलांच्या पैशावर शेती केली, मग लेखन केले, मग प्रकाशनाच्या धंद्यात उडी घेतली आणि तो धंदाही बुडाला. पस्तिशीला आलेला हा मुलगा पुढे काय करणार, हा प्रश्न हार्टफर्डच्या घरात नक्कीच पडला असेल.

पण या भटकंतीत दोन गोष्टी त्याच्या पदरी पडल्या. पहिली इंग्लंडमध्ये. 1850मध्ये धाकटा भाऊ जॉन आणि एक मित्र यांच्यासोबत त्याने इंग्लंडची पायी यात्रा केली. लिव्हरपूलसमोर नदीपलीकडच्या बर्कनहेड गावात एका पाववाल्याच्या सांगण्यावरून ते तिघे तिथली नवी बाग पाहायला गेले. जोसेफ पॅक्स्टनने आखलेली ही बाग 1847मध्ये खुली झाली होती आणि ती गावाच्या पैशाने बांधलेली होती. उमरावाच्या वाड्यामागची बाग त्याला नवी नव्हती. पण जिथे मजुराच्या बायकोला आणि सावकाराच्या बायकोला सारखाच हक्क आहे, अशी बाग त्याला नवी होती. लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्या आपल्या देशात असे काही नाही, ही बोच घेऊन तो परतला.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेत घडली. 1852पासून एका न्यूयॉर्की दैनिकाचा वार्ताहर म्हणून तो गुलामगिरीच्या प्रांतांतून हिंडला. गुलामगिरीने गुलामाचे आयुष्य नासते, हे तर त्याला दिसलेच. पण जिथे एक माणूस दुसऱ्याला माणूस मानीत नाही, तिथे चांगले रस्ते, शाळा, वाचनालये अशा सामाईक गोष्टीही उभ्या राहत नाहीत, हेही त्याच्या ध्यानात आले. सार्वजनिक वाटेकडे तो पुढे ज्या नजरेने पाहू लागला, तिचे मूळ मला या दोन प्रवासांत दिसते.

1857मध्ये न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कवर देखरेख करण्याची नोकरी त्याला मिळाली. त्याच वर्षअखेरीस भाऊ जॉन क्षयाने गेला. 1858मध्ये बागेच्या आराखड्यासाठी झालेल्या स्पर्धेत कॅल्व्हर्ट व्हॉ या इंग्रज वास्तुकारासोबत ओल्मस्टेडने केलेला आराखडा निवडला गेला. त्याचे नाव ग्रीनस्वॉर्ड, म्हणजे हिरवळ. बागेतून शहराचे चार आडवे रस्ते गेलेच पाहिजेत, अशी स्पर्धेची अट होती. या दोघांनी ते चारही रस्ते जमिनीच्या पातळीखाली उतरवले. मालाच्या गाड्या खालून जाव्यात आणि वर फिरणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागू नये! बागेच्या आतही बग्गीची वाट निराळी, घोडेस्वाराची निराळी, पायी चालणाऱ्याची निराळी. जिथे वाटा एकमेकींना छेदतात तिथे पूल किंवा कमान. चालणाऱ्याने गाडीला भिऊन बाजूला व्हायचे नाही, हे तत्त्व मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधी इथे दगडाविटांत उतरले.

या गौरवकथेला एक काळी कडाही आहे. बागेच्या जागेवर आधी सुमारे सोळाशे माणसे राहत होती. त्यांत सेनेका व्हिलेज ही सव्वादोनशेच्या आसपास लोकांची वस्ती होती. तिथले बहुतेक रहिवासी कृष्णवर्णीय आणि कित्येक जण स्वतःच्या जमिनीचे मालक. 1857पर्यंत ती वस्ती उठवली गेली. हा निर्णय ओल्मस्टेडचा नव्हता, त्याचा आराखडाही नंतरचा. पण सर्वांची म्हणवणारी जागा काहींना बेघर करून मिळाली, हे विसरून तिचे कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

भावाच्या पश्चात त्याने 1859मध्ये भावाची विधवा मेरी हिच्याशी लग्न केले आणि तिच्या तीन मुलांना आपली मानले. पुढच्याच वर्षी घोडागाडी उलटून त्याची मांडी मोडली; पाय कायमचा आखूड झाला. अपघातानंतर काही दिवसांतच तान्हा मुलगाही गेला. दुसऱ्यांच्या चालण्यासाठी ज्याने मैलोगणती वाटा आखल्या, तो स्वतः उरलेले आयुष्य लंगडत चालला. यादवी युद्धात सैनिकांच्या आरोग्याची व्यवस्था पाहणाऱ्या सॅनिटरी कमिशनचे काम आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या एका खाणीच्या मालमत्तेची व्यवस्था, असे करीत 1865मध्ये व्हॉच्या आग्रहावरून तो न्यूयॉर्कला परतला.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येतो. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कचे काम करताना या जोडीच्या लक्षात आले, की एखादी बाग कितीही मोठी केली तरी लांब राहणाऱ्याला ती परकीच राहणार. तेव्हा माणसाने बागेपर्यंत जाण्याऐवजी बागेनेच माणसाच्या दारापर्यंत यावे. 1868मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या उद्यान-आयुक्तांपुढे नव्या प्रकारच्या रस्त्याची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी शब्दही घडवला : पार्कवे. बाग आणि वाट, दोन्ही एका शब्दात. मधोमध बग्ग्यांसाठी रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगांखाली चालण्याचे पट्टे आणि त्यांच्याही पलीकडे घरांपाशी मालगाड्यांचे रस्ते. ईस्टर्न पार्कवे 1874मध्ये पुरा झाला. प्रॉस्पेक्ट पार्कपासून कोनी आयलंडच्या समुद्राकडे जाणारा, सुमारे साडेपाच मैल लांब आणि 210 फूट रुंद ओशन पार्कवे 1876मध्ये खुला झाला. तो आखला तेव्हा आजच्यासारखी सायकल अस्तित्वात नव्हती. पण 1894मध्ये सायकलवाल्यांनी जागा मागितली, तेव्हा द्यायला जागा होती. आणि अमेरिकेतला पहिला खास सायकलमार्ग म्हणून त्या पट्ट्याची नोंद झाली. चांगली योजना उद्याच्या अनोळखी माणसासाठीही थोडी जागा राखून ठेवते, ती अशी.

1878च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या राजकारणाने त्याला नोकरीतून घालवले. ही इष्टापत्तीच ठरली, कारण त्याच वर्षी बॉस्टनने त्याला बोलावले. तिथला प्रश्न बागेचा नव्हता, गटाराचा होता. मडी रिव्हर नावाला साजेशी चिखलाची नदी, तिच्यात शहराची घाण, आणि भरती-ओहोटीने उघडा पडणारा दुर्गंधीचा दलदली पट्टा. ओल्मस्टेडने शहराच्या अभियंत्यांबरोबर बसून नाल्यांची नवी व्यवस्था केली, पुराचे पाणी सामावून घेणारे खोलगट पात्र आखले, काठाला खाऱ्या पाण्यात जगणारे गवत लावले आणि त्या काठाने वाटा काढल्या. म्हणजे लोक ज्याला निसर्ग समजून फिरत, ते खरे तर सांडपाण्याचे नियोजन होते.

इथे नावाचा प्रश्न आला. आयुक्त त्या जागेला बॅक बे पार्क म्हणत. ओल्मस्टेडला ते पटेना. ही पार्क नव्हे. पार्क म्हटले की लोक इथे हिरवळ आणि फुलांचे ताटवे मागतील आणि पाण्याची जागा बुजवतील, असे त्याचे म्हणणे. शेवटी दलदलीसाठी असलेला जुना इंग्रजी शब्द आला : फेन्स. त्याच्या काठची वाट फेनवे, नदीकाठची रिव्हरवे, जमैका तळ्याकडची जमैकावे आणि वृक्षोद्यानाकडची आर्बरवे. नावात एकाही पुढाऱ्याचा पत्ता नाही. काठाला काय आहे, ते नावच सांगते. आपल्या गावाकडची ओढ्याची वाट, आमराईची वाट सांगते तसे.

या मालिकेतल्या शेवटच्या मोठ्या बागेच्या नावाची कथा मात्र उलटी आहे. तिला 1880च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनचे नाव दिले गेले, ते त्याने शहरासाठी शतकापूर्वी ठेवलेला, व्याजाने वाढलेला निधी बागेला मिळेल या आशेने. निधी शेवटी गेला तंत्रशिक्षणाच्या संस्थेला. नाव उरले, पैसा आला नाही!

काही वर्षांपूर्वी मी ही सुमारे सात मैलांची माळ पायी चाललो. एमराल्ड नेकलेस, पाचूचा हार, हे तिचे लोकांत रूढ झालेले नाव. जमैका तळ्याभोवती म्हाताऱ्या जोडप्यांपासून बाबागाडी ढकलणाऱ्या आयांपर्यंत सगळे शहर भेटले. पण मध्येच वाट तुटते, चालणाऱ्याला मोटारींच्या लोंढ्यातून पलीकडे जावे लागते. आणि बग्ग्यांच्या संथ सैरीसाठी आखलेल्या जमैकावेवर वाहने सुसाट धावत असतात. 1910मध्ये चार्ल्स नदीवर धरण झाले, भरतीचे खारे पाणी थांबले आणि फेन्सची मूळ योजनाच निरर्थक झाली. पुढे नदीचा एक भाग बुजवून त्यावर वाहनतळही आला. ऑक्टोबर 1996च्या पावसात तीच नदी भुयारी रेल्वेच्या स्थानकात शिरली, तेव्हा शहराला नावाचा अर्थ आठवला. पुष्कळ खर्च करून तो भाग 2016पर्यंत पुन्हा उघडा करण्यात आला.

बफेलो शहराला ही संधी मिळाली नाही. तिथे ओल्मस्टेड आणि व्हॉ यांनी आखलेला हम्बोल्ट पार्कवे म्हणजे दुतर्फा वृक्षराजीचा, दोनशे फूट रुंद रस्ता. 1960च्या दशकात तो खणून खोल द्रुतगती मार्ग काढला गेला. झाडे गेली आणि काठची, मुख्यतः कृष्णवर्णीयांची, वस्ती दुभंगली. हम्बोल्ट पार्कवे ही पाटी मात्र त्या खंदकाच्या कडेला राहिली. शब्दाचेही तेच झाले. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या परिसरात पार्कवे म्हणजे केवळ मोटारींचा रस्ता असा अर्थ रुळला. त्यांतल्या कित्येकांवर पायी चालायला किंवा सायकलला मज्जावच आहे. चालणाऱ्यांसाठी घडवलेल्या शब्दानेच चालणाऱ्यांना बाहेर काढले.

ओल्मस्टेडला हे पाहावे लागले नाही. 1895च्या सुमारास त्याची स्मृती ढळू लागली आणि त्याने काम थांबवले. काम मुलांनी पुढे चालवले. ज्या मनोरुग्णालयाच्या जागेबद्दल त्याने एकेकाळी सल्ला दिला होता, त्याच मॅकलीन रुग्णालयात 28 ऑगस्ट 1903 रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, तो वारला.

मला वाटते, त्याच्या आयुष्याचा धडा झाडे लावण्याइतका सोपा नाही. नाव म्हणजे शहराने स्वतःला दिलेले वचन असते. नदीची वाट म्हटले की तिथे नदी असायला हवी, चालण्याची वाट म्हटले की तिथे चालता यायला हवे. वचन मोडले तरी पाटी तशीच राहते; आणि पाटी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. हरितमार्ग हा शब्द आता आपल्याही आराखड्यांत येऊ लागला आहे. शब्द चांगला आहे. त्याच्या पाटीखाली एखादी आजी नातवाचा हात धरून, मागे न पाहता चालू शकते का, एवढे मात्र दर काही वर्षांनी तपासून पाहावे लागेल.