पाठीवरचं पोर

अकोटला आमच्या गल्लीत एक सिस्टरबाई राहतात. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या आणि दारातल्या तुळशीत नि नातवंडांत रमल्या. २०२० सालच्या उन्हाळ्यात कोरोना आपल्या अकोला जिल्ह्यात शिरला. निवृत्त डॉक्टर-नर्सेसनी कामावर परत यावं, अशी सरकारनं हाक दिली. सिस्टरबाईंनी पेटीतली पांढरी साडी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या.

गल्लीनं कौतुक केलं. मार्चमध्ये थाळ्या वाजवून आमचे हात तयार झालेलेच होते. पण त्या रोज संध्याकाळी घरी परतू लागल्या, तशी एकेक फाटकं लागू लागली. कोणी त्यांच्या ओट्याकडे फिरकेना. मीही फिरकलो नाही. बँकेत सारा जन्म जोखमीचा हिशेब केलेला माणूस मी. त्या येताना दिसल्या, की खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्या बंद दिवसांत पुस्तकांचं कपाट आवरताना सावित्रीबाई फुल्यांचं चरित्र हाती लागलं. त्यातलं शेवटचं प्रकरण मी पूर्वी नुसतं चाळलं होतं. या वेळी ते तीनदा वाचलं.

सावित्रीबाई म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे येते ती १८४८ सालची पुण्याच्या भिडेवाड्यातली मुलींची शाळा. अंगावर शेण-दगड झेलत शाळेत जाणारी तरुण शिक्षिका. ३ जानेवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, शाळाशाळांतून नऊवारी नेसलेल्या चिमुकल्या सावित्री भाषणं करतात, ते छानच असतं. पण या बाईचा शेवट कसा झाला, हे विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. मलाही धड सांगता आलं नसतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. हाँगकाँगला १८९४ साली धुमाकूळ घातलेली साथ आता आपल्या दारात आली होती. जांघेत, काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि चार-पाच दिवसांत माणूस संपायचा. मुंबई सोडून माणसं पळाली आणि त्यांच्यामागून रोगही निघाला. पुढं तो आपल्या वऱ्हाडातही आला. गाव ओस टाकून वावरात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी माझी आजी सांगायची. तिच्या बोलण्यात तो पलेग असायचा, आणि तो शब्द उच्चारताना ती आवाज खाली आणायची. १८९७ उजाडता उजाडता पुणं त्याच्या तडाख्यात सापडलं होतं.

त्या वेळी सावित्रीबाईंना सहासष्ट वर्षं पूर्ण झाली होती. त्या काळी इतकं आयुष्य लाभणंही भाग्याचं. आम्ही बँकवाले साठीला हार घालून घेऊन घरी बसतो. बसायला त्यांच्याकडे आमच्याहून मोठी कारणं होती. जोतीराव १८९० च्या नोव्हेंबरात गेले होते. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा ते या बाईंनी स्वतः हाती धरलं आणि अग्नीही स्वतःच दिला. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली, १८९३ साली सासवडच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. १८९५ साली सून राधा गेली. आता हातपाय पसरून बसल्या असत्या, तर कोण नाव ठेवणार होतं?

त्यांनी काय केलं, तर मुलाला बोलावून घेतलं. यशवंत हा त्यांचा दत्तक मुलगा, एका ब्राह्मण विधवेच्या पोटचा. फसलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं, म्हणून जोतीरावांनी नि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथं जन्मलेला हा मुलगा. त्याला त्यांनी वाढवलं, डॉक्टर केलं. तो लष्करात नोकरीला होता, तो रजा घेऊन आला. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळ्यावर, उघड्या हवेत, माय-लेकांनी प्लेगचा दवाखाना मांडला.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. हा दवाखाना म्हणजे सावित्रीबाईंना म्हातारपणी आलेला उमाळा नव्हता. कोणाच्याही सोयरसुतकाची पर्वा न करता परक्या बायकांची बाळंतपणं त्यांच्या घरात झाली होती. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नाची सोय केली, तेव्हा त्या राबल्या होत्या. ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या दुष्काळाची हकीकत आहे. माणूस अडलं, की त्याला घरात घ्यायचं, त्याच्या तोंडात घास घालायचा, हे चाळीस वर्षं चाललेलंच होतं. साथ आली तेव्हा त्या आपल्या जुन्या कामावर पुन्हा रुजू झाल्या, इतकंच.

आणि हाती औषध काय होतं? जवळजवळ काहीच नाही. हाफकिन यांनी मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये आपली लस स्वतःला टोचून घेतली होती, पण ती रोग टाळण्यासाठी, झालेला बरा करण्यासाठी नव्हे. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हा शोधच मुळी १८९८ सालचा, आणि जगाला तो पटायला आणखी काही वर्षं गेली. गुणकारी औषध निघायला तर पुढं जवळजवळ अर्धशतक लागायचं होतं. म्हणजे माय-लेकांजवळ होतं ते पाणी, पथ्याचं अन्न, मोकळी हवा, आणि रोग्याला शिवायला न कचरणारे हात. ज्या माणसाला घरचेही शिवेनात, त्याला कोणीतरी उचलून नेतंय, यानं त्याच्या जिवाला किती उभारी येत असेल!

फेब्रुवारीत सरकारनं साथरोगाचा कायदा केला. २०२० साली आपल्याला घरी बसवलं ते याच १८९७ च्या कायद्याच्या आधारानं. पुण्याच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेब आला. मार्चमध्ये गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकू लागले, आणि लोक दवाखान्याच्या धास्तीनं आजारी माणूस लपवू लागले. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण सोजीर रस्त्यावर उतरण्याच्या थोडं आधी, त्याच शहराच्या कडेला, एक म्हातारी रोग्यांना शोधत हिंडत होती. तिच्या दवाखान्यात कोणाला ओढून न्यावं लागत नव्हतं.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला गाठ आल्याचं त्यांना कळलं. त्या गेल्या. पोराला चालवत नव्हतं. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि ससाण्यांच्या माळ्यावर यशवंतापुढं आणून उतरवलं. मुंढवा ते हडपसर अंतर फार नाही, पण सहासष्ट वर्षांच्या पाठीला पोराचं ओझं काय असतं, ते माझ्यासारख्या गुडघे धरून जिना चढणाऱ्याला विचारा. शिवाय ज्या मुलाची सावलीही लोक टाळत, त्याला एका माळ्याघरच्या बाईनं पाठीशी बांधून आणावं, हेही त्या काळी लहान धाडस नव्हे.

पुढं त्यांना स्वतःलाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आठ वर्षांनी, १९०५ साली, रोग्यांची सेवा करतानाच यशवंतही प्लेगनं गेला. माय-लेक एकाच रोगाचे, एकाच कामाचे बळी. १९९८ साली टपाल खात्यानं सावित्रीबाईंचं तिकीट काढलं, ते १० मार्चलाच. त्या चिमुकल्या कागदामागं केवढी गोष्ट होती, हे बँकेतली पाकिटं पाठवताना माझ्या कधी मनात आलं नाही.

साथ ओसरल्यावर, एका १० मार्चला, मी सिस्टरबाईंच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो आणि पडद्याचं सांगून टाकलं. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खिडकीतला पडदा त्यांना तेव्हाच दिसला असावा. मग मी मुंढव्याच्या मुलाची गोष्ट सांगितली. रँड, हाफकिन, कायदा, सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. त्या पोराचं पुढं काय झालं?

तो वाचला, असं चरित्रांत लिहिलंय, मी म्हणालो.

सिस्टरबाईंनी समाधानानं मान हलवली आणि चहा ठेवायला त्या आत गेल्या.