वडिलांची अट आणि आकाशातले कण



परीक्षांचे निकाल लागले की सिंदेवाहीपासून चंद्रपूरपर्यंत घरोघरी एकच चर्चा असते: मुलाने पुढे काय व्हावे? पुष्कळदा वडिलांचे उत्तर एक असते आणि मुलाचे दुसरे. होमी भाभा यांच्या घरीही असाच पेच पडला होता. तो कसा सुटला, हे आपल्या घरांनी जाणून घ्यावे असे आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. टाटा घराण्याशी जवळचे नाते असल्याने मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही वडिलांची इच्छा. १९२७ साली ते यंत्र अभियांत्रिकी शिकण्यास केंब्रिजला गेले. तेथे मन जडले ते पदार्थविज्ञानावर. त्यांनी वडिलांना तसे कळविले. वडिलांनी नकार दिला नाही, अट घातली. आधी अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवावी, मग गणित शिकण्यासाठी केंब्रिजमध्ये राहता येईल. मुलाने रुसवा धरला नाही. १९३० साली त्यांनी ती श्रेणी मिळविली आणि १९३२ साली गणितातही तीच. मला तर येथे वडीलही तितकेच मोठे वाटतात, कारण त्यांनी दिलेला शब्द पाळला.

आता त्यांच्या शोधाकडे वळू. अंतराळातून अतिवेगवान कणांचा मारा पृथ्वीवर अखंड होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. वेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून जाताना प्रकाशकण फेकतो, त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते, ती जोडी पुन्हा प्रकाशकण फेकते. धानाच्या एका दाण्यापासून लोंबी भरावी, तसे एका कणापासून असंख्य कण होतात. या वर्षावाचे गणित १९३७ साली भाभा आणि हाइटलर यांनी मांडले.

या किरणांतील म्युऑन नावाचा कण स्थिर असेल तर सेकंदाच्या सुमारे दोन दशलक्षांश भागातच नष्ट होतो. एवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही तो पाऊण किलोमीटर जाणार नाही. मग कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मून तो जमिनीवर पोहोचतो कसा? आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार वेगवान कणाचा काळ संथ चालतो. असे अल्पायुषी कण या सिद्धांताची कसोटी ठरतील, हे भाभांनी १९३८ साली दाखविले. आपण तळहात आडवा धरला तर त्यातूनही दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो.

१९३९ साली ते सुटीवर मायदेशी आले, तोच महायुद्ध पेटले आणि परतणे राहून गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम सुरू केले. १९४४ साली टाटा न्यासाला पत्र लिहून त्यांनी मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. १९४५ साली ती उभी राहिली आणि त्याच वर्षी मुंबईस आली. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली.

२४ जानेवारी १९६६ रोजी मॉं ब्लां पर्वतावर विमान कोसळून त्यांचा अंत झाला. आदल्याच वर्षी कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, त्यांच्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह विश्वकिरणांपासून वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद घेतली होती.