भाकरीचा सत्याग्रही: कर्मवीर दादासाहेब गायकवाड

दरवर्षी २९ डिसेंबरला आम्ही कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या प्रतिमेला हार घालतो, दोन-चार भाषणे ऐकतो आणि घरी परततो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सगळ्यांच्या तोंडी असतो. पण त्याच दादासाहेबांनी या देशातले तुरुंग भूमिहीनांनी भरून टाकले होते, हे सांगायला आमच्या व्यासपीठांवर वेळ उरत नाही. देवळाचा सत्याग्रह आम्ही लक्षात ठेवला आणि जमिनीचा विसरलो. असे का झाले, याचा विचार चळवळीने कधीतरी करायलाच हवा.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. घर शेतकऱ्याचे आणि जात महाराची. त्यामुळे महारकी वतन म्हणजे काय, गावाची वेठ म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे बाबासाहेबांच्या संपर्कात आले आणि आयुष्यभर त्यांच्यापासून हलले नाहीत. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली अनेक पत्रे आज छापून उपलब्ध आहेत. ती वाचली की कळते, बाबासाहेबांनी किती कामांचे ओझे या माणसाच्या खांद्यावर विश्वासाने टाकले होते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला सत्याग्रहाची मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवसापासून काळाराम मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. त्यात स्त्रियाही होत्या. नेतृत्व बाबासाहेबांचे. पण स्वयंसेवकांच्या तुकड्या, त्यांचे जेवणखाण, खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसांची सोय आणि पोलिसांशी दररोजचा सामना हा सगळा भार सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड यांच्यावर होता. त्यांचे वय होते अवघे सत्तावीस! ९ एप्रिलला दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा, असे ठरले होते. सनातन्यांनी तो करार मोडला, रथ पळवला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव केला. त्यानंतर खेड्यापाड्यांत आपल्या माणसांवर बहिष्कार आला. रस्ते बंद झाले, मुलांना शाळेतून हाकलले. सत्याग्रह शहरात झाला, त्याची किंमत गावकुसाबाहेरच्या झोपडीने मोजली. तरीही तो लढा पाच वर्षे तेवत राहिला.

३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळवले की, आता मंदिर सत्याग्रह पुरे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून तो सुरू केलाच नव्हता. आपल्या माणसांना आपल्या अवस्थेची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, एवढ्यासाठी तो होता. ते काम झाले होते. यापुढची शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवायची होती. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातच येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. दादासाहेबांनी देवळाची पायरी सोडली ती कायमची. सत्याग्रह मात्र सोडला नाही.

हा धागा आम्ही नीट धरला पाहिजे. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. पण आमदारकीने त्यांचे गाव सुटले नाही. महार वतनाच्या जमिनींवरील जुडी वाढवली गेली, तेव्हा वतनदारांना संघटित करण्यात ते आघाडीवर होते. हरेगावची १९३९ ची परिषद आणि सिन्नरची १९४१ ची परिषद याच लढ्यातल्या. ज्या वतनाने माणूस गावाचा गुलाम केला, त्याच वतनावर वाढीव कर? तो भरणार नाही, असे सांगण्याची हिंमत त्या परिषदांनी दिली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला बजावले होते की, संविधानाचे मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून द्यावे लागतील. मग बाबासाहेबांचा सर्वांत निकटचा सहकारी दहाच वर्षांत भूमिहीनांना घेऊन पडीक सरकारी जमिनीवर कसा उतरला? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत फुटला. बॅरिस्टर, वकील, शिकलेली मंडळी एका बाजूला आणि धोतर नेसणारे दादासाहेब दुसऱ्या बाजूला. एक गट दुरुस्त आणि दुसरा नादुरुस्त! दादासाहेब कम्युनिस्टांच्या नादी लागले, त्यांनी बाबासाहेबांचा घटनात्मक मार्ग सोडला, असा आरोप झाला.

आमच्या मते हा आरोप टिकत नाही. बाबासाहेबांचे म्हणणे मार्ग खुले असण्याशी बांधलेले होते. भूमिहीनासाठी तो मार्ग खरोखर खुला होता काय? पडीक जमीन सरकारची, ती देण्याचा अधिकार सरकारचा आणि अर्ज मात्र तलाठ्याच्या दप्तरात धूळ खात पडलेला! शिवाय बाबासाहेब हयात असतानाच, १९५३ साली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनीचा सत्याग्रह केला होता. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत खुद्द बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीनांचे दुःख बोलून दाखवले होते. दादासाहेबांनी नवे काही काढले नाही. अर्धवट राहिलेले काम हाती घेतले.

१९५९ साली मराठवाडा, खानदेश, नाशिक भागांत भूमिहीन सत्याग्रही पडीक जमिनींवर उतरले आणि हजारोंनी अटक करून घेतली. तेव्हा दादासाहेब नाशिकचे खासदार होते. पुढे १९६२ ते १९६८ ते राज्यसभेवर होते. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले. कसणाऱ्याला जमीन, भूमिहीनांना पडीक जमिनीचे वाटप, पुरेसे आणि रास्त भावात धान्य, किमान वेतन, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. निवेदनाला दाद मिळाली नाही, तेव्हा ६ डिसेंबर १९६४ रोजी देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्रापासून पंजाब, उत्तर प्रदेशपर्यंत स्त्री-पुरुषांनी तुरुंगाची वाट धरली. कडेवर लेकरू घेऊन बाया जेलात गेल्या. तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींनी अटक करून घेतली, असे चळवळीचा इतिहास सांगतो. अखेर सरकारला बोलणी करावी लागली आणि बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य कराव्या लागल्या.

आधी निवेदन, मग मुदत, मग सत्याग्रह आणि मग शिक्षा निमूटपणे भोगणे, हा तो क्रम होता. संसदेत बोलायचे आणि जमिनीवर उतरायचे, ही दादासाहेबांची दोन पावले होती. एका पायावर चळवळ चालत नाही, हे त्या धोतरवाल्या नेत्याला पक्के ठाऊक होते.

त्यांच्या चुका झाकण्याचे कारण नाही. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी केलेली युती चळवळीला महागात पडली. लढून मिळवण्याची सवय मोडली आणि मागून मिळवण्याची लागली. तो दोष एकट्या दादासाहेबांचा नाही, पण त्यांचा वाटा त्यात आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले.

त्या मागण्यांचे पुढे काय झाले? बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले ते १९९० साली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० सालीच. सव्वीस वर्षे लागली! जमिनीचा प्रश्न तर अजून गायरानातच अडकला आहे. राज्य सरकारने २००४ साली दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन विकत घेऊन द्यायची, असे ठरले. पण सरकारी दरात जमीन विकणारा मालक सापडायचा कुठे? आणि पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्याच्या हाती मात्र २०२२ साली अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा आल्या. ज्याच्या नावाने योजना, त्याच्याच माणसांना नोटिसा!

देवळाचा दरवाजा उघडला तेव्हा आम्ही तिथून पुढे निघून गेलो होतो. जमिनीचा दरवाजा मात्र अजून बंद आहे आणि त्याच्यासमोर आमची माणसे उभी आहेत. पुढच्या २९ डिसेंबरला हार घालण्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या गावातले गायरान कसणारे किती, सातबारा किती जणांच्या नावे आणि अर्ज किती पडून, एवढी यादी करावी. ती यादी घेऊन तहसील कचेरीत जावे. तिथे दाद मिळाली नाही तर पुढचा रस्ता दादासाहेबांनी दाखवून ठेवला आहे.

जय भीम!